कापूर पचवणाऱ्या जिवाणूचं हीम प्रथिन: स्फटिकरचनेची फाइल कशी वाचायची

स्युडोमोनास पुटिडा हा मातीतला जिवाणू. त्याचे काही वाण निव्वळ कापरावर जगू शकतात, म्हणजे कार्बन आणि ऊर्जा दोन्ही कापरातूनच मिळवतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अर्विन गन्सालस यांच्या गटाने या जिवाणूवर वर्षानुवर्षं काम केलं. कापूर पचवण्याची पहिली पायरी करणारं एन्झाइम त्यांनी वेगळं काढलं. ते म्हणजे सायटोक्रोम पी-४५० कॅम, एक हीम प्रथिन. हीम म्हणजे मधोमध लोखंडाचा अणू असलेलं वलय. थॉमस पूलोस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याची २.६ अँगस्ट्रॉमची स्फटिकरचना प्रसिद्ध केली (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग; इथे आकडा जितका लहान तितका बारकावा जास्त). पी-४५० कुळातल्या कुठल्याही प्रथिनाची ती पहिलीच रचना होती. पाठोपाठ १९८७ मध्ये १.६३ अँगस्ट्रॉमची अधिक बारकाईची रचना आली. हा लेख ती दुसरी फाइल कशी वाचायची याबद्दल आहे.

लागेल ते एवढंच: इंटरनेट, साधा लॅपटॉप आणि बारावीचं रसायनशास्त्र. एमएस्सीच्या सेमिनारमध्ये अशा रचनांची रंगीत चित्रं सर्रास दिसतात. फाइल उघडायची, हेलिक्सना, म्हणजे साखळीच्या मळसूत्री वळणांना, इंद्रधनुष्याचे रंग द्यायचे, स्लाइडवर चिकटवायचं. त्यात नुकसान काही नाही, पण वाचनही नाही. स्फटिकरचना हा फोटो नसतो. क्ष-किरणांच्या मोजमापांतून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा निघतो आणि त्या नकाशात कुणीतरी अणू बसवलेले असतात. त्यातलं काय प्रत्यक्ष दिसलं आणि काय मानून घेतलं, हे वेगळं काढता आलं की फाइल वाचता आली असं म्हणायचं. हीम प्रथिनांत हा फरक जास्तच बोचतो. का, ते पुढे येईल.

चित्राआधी मजकूर

प्रोटीन डेटा बँकेच्या आरसीएसबी या संकेतस्थळावर जा आणि शोधपेटीत २सीपीपी हा संकेत टाका (अर्थात रोमन अक्षरांत). नोंदीचं पान उघडेल. थ्रीडीचं बटण खुणावत असेल, पण पाच मिनिटं थांबा आणि पानावरचे आकडे वाचा.

रिझोल्युशन, म्हणजे बारकाव्याची पातळी, १.६३ अँगस्ट्रॉम. या पातळीला प्रथिनाचा कणा, बाजूच्या साखळ्या, हीमचं वलय, जागेवर बसलेले पाण्याचे रेणू हे सगळं नीट दिसतं. हायड्रोजन दिसत नाहीत. त्यामुळे फाइलमधला प्रत्येक हायड्रोजन बंध हा अंतरावरून आणि रसायनशास्त्राच्या समजुतीवरून काढलेला निष्कर्ष असतो. हिस्टिडिनचं वलय कुठल्या बाजूला वळलंय, अ‍ॅस्पॅराजिनच्या टोकाला ऑक्सिजन कुठला आणि नायट्रोजन कुठला, हेसुद्धा बहुतेकदा शेजारपाजार पाहून ठरवलेलं असतं.

मग आर-व्हॅल्यू पाहा. बसवलेलं मॉडेल मोजमापांशी किती जुळतं त्याचा हा आकडा, कमी तेवढा चांगला. हल्ली त्याच्यासोबत आर-फ्री हा आकडाही असतो. मोजमापांतला थोडा भाग बाजूला काढून ठेवतात, मॉडेल घडवताना त्याला हातही लावत नाहीत आणि शेवटी त्याच्याशी मॉडेल ताडून पाहतात. २सीपीपीच्या नोंदीत हा आकडा शोधत बसू नका. आर-फ्रीची कल्पना अ‍ॅक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये मांडली आणि ही रचना १९८७ ची आहे. म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. पण आजची मापं तिला जशीच्या तशी लावता येत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

त्यानंतर अमिनो आम्लांचे क्रमांक. साखळी ४१४ अमिनो आम्लांची आहे, पण मॉडेल दहाव्यापासून सुरू होतं. पहिली नऊ हालती असल्याने नकाशात उमटलीच नाहीत. प्रथिनात ती आहेत, फाइलमध्ये नाहीत. आणखी एक खाचखळगा इथेच आहे. युनिप्रॉट या क्रमसंग्रहात हेच प्रथिन ४१५ अमिनो आम्लांचं दिसतं, कारण तिथे सुरुवातीचं मिथिओनिन धरलेलं आहे. त्यामुळे शोधनिबंधांतलं आणि स्फटिकरचनेतलं ‘सिस्टीन ३५७’ युनिप्रॉटमध्ये ३५८ होतं. प्रोजेक्टच्या तक्त्यात दोन्हीकडचे क्रमांक मिसळले की गोंधळ ठरलेला, आणि परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

हीम गाठणं

आता थ्रीडी व्ह्यू उघडा. ब्राउझरमध्येच मोल-स्टार हा दर्शक चालू होतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. माउसचं डावं बटण दाबून ओढलं की रेणू फिरतो, चाकाने जवळ-लांब होतो, उजव्या बटणाने सरकतो. मोबाइलवरही चालतं, पण अंतरं मोजायची असतील तर मोठा पडदाच बरा.

आधी लांबून पाहा. प्रथिन साधारण त्रिकोणी दिसेल, बाजू सुमारे ६० अँगस्ट्रॉम आणि जाडी सुमारे ३०. बहुतेक भाग हेलिक्सचा आहे. हीम बाहेरून दिसणारही नाही, इतकं ते आत दडलेलं आहे. हे मनात ठेवा, कारण यातूनच एक मोठा प्रश्न उभा राहतो: कापूर आत शिरतो कुठून?

फाइलमध्ये हीमला एचईएम आणि कापराला सीएएम असे तीन अक्षरी संकेत आहेत. हीमवर क्लिक केलं की दर्शक तिथे झेपावतो आणि आसपासची अमिनो आम्लं काड्यांच्या रूपात दाखवतो. हायड्रोजन सोडून हीमचे ४३ अणू भरतात: ३४ कार्बन, ४ नायट्रोजन, ४ ऑक्सिजन आणि मधोमध लोखंड. वलयाच्या कडेला चार मिथिल, दोन व्हिनिल आणि दोन प्रोपिओनेट गट एकेक करून ओळखा. प्रोपिओनेट सापडले की हीमची दिशा समजते. त्यांच्यावर ऋणभार असतो, म्हणून त्यांच्याजवळ आर्जिनिन ११२, आर्जिनिन २९९ आणि हिस्टिडिन ३५५ ही मंडळी दिसतील.

व्हिनिल गट कुठल्या सिस्टीनला जोडलेत का, तेही तपासा. इथे नाहीत, म्हणून हे हीम बी. सायटोक्रोम सी जातीच्या प्रथिनांत दोन्ही व्हिनिल सिस्टीनच्या गंधकाशी सहसंयुज बंधाने बांधलेले असतात आणि साखळीत सिस्टीन, कुठलीही दोन, सिस्टीन, हिस्टिडिन असा ठरलेला क्रम सापडतो. पी-४५० कॅममध्ये हीमला प्रथिनाशी बांधणारा खरा बंध एकच, लोखंड आणि सिस्टीन ३५७ च्या गंधकामधला.

लोखंडाभोवती मोजमाप

इथे घाई करू नका. मोल-स्टारमध्ये निवडीची पद्धत चालू करा, दोन अणू निवडा आणि मेजरमेंट्सच्या भागात अंतर मागा.

लोखंड ते वलयाचे चार नायट्रोजन: प्रत्येक अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या आसपास. लोखंड ते गंधक: सुमारे २.२. गंधक एका बाजूने लोखंडाला धरतो. दुसऱ्या बाजूची, म्हणजे सहावी जागा रिकामी आहे. ऑक्सिजन येऊन बसतो तो याच जागी. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये गंधकाच्या जागी हिस्टिडिनचा नायट्रोजन असतो. ऑक्सिजन नुसता वाहून न्यायचा की त्याचे दोन अणू फोडून एक कापरावर बसवायचा, यातला बराच फरक या पाचव्या जोडीदारामुळे पडतो. ऋणभारित गंधक लोखंडाकडे इलेक्ट्रॉन ढकलतो आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटायला मदत करतो. गंधकाच्या अवतीभवती साखळीच्या कण्यातले ३५८, ३५९ आणि ३६० या अमिनो आम्लांचे नायट्रोजनही पाहा. त्यांच्या हायड्रोजन बंधांमुळे तो ऋणभार काबूत राहतो.

आता रेणू असा फिरवा की हीमचं वलय कडेवर, रेषेसारखं दिसेल. लोखंड वलयाच्या प्रतलात नाही, गंधकाच्या बाजूला सरकलेलं आहे. प्रसिद्ध झालेला आकडा ०.४३ अँगस्ट्रॉम. तो स्वतः काढायचा मोह होतो. समोरासमोरच्या दोन नायट्रोजनांमधलं अंतर घ्यायचं, त्याचं अर्ध करायचं, लोखंड-नायट्रोजन अंतर घ्यायचं आणि पायथागोरस लावायचा. उदाहरणादाखल अर्ध अंतर २.०१ आणि लोखंड-नायट्रोजन २.०५ धरलं, तर सरकणं ०.४० निघतं. आता २.०५ ऐवजी २.०३ धरा. उत्तर ०.२८ वर येतं. दोन शतांश अँगस्ट्रॉमचा फरक, आणि उत्तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घसरलं! या रिझोल्युशनला अणूंच्या जागाच दोन शतांशांइतक्या खात्रीच्या नसतात. म्हणून हे गणित चार नायट्रोजनांवर न करता वलयाच्या सगळ्या अणूंतून जाणारं सरासरी प्रतल घेऊन करावं. कायमेरा-एक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रतल आखून अणूचं त्यापासूनचं अंतर मोजता येतं. उत्तर दशांशानंतर एकाच स्थळापर्यंत सांगा. तीन स्थळं लिहिणाऱ्या अहवालावर माझा तरी विश्वास बसत नाही.

कापराचा खिसा

हीमच्या रिकाम्या बाजूला कापूर सापडेल, हायड्रोजन सोडून ११ अणू. त्याचा एकुलता एक ऑक्सिजन टायरोसिन ९६ च्या टोकाकडे वळलेला आहे, अंतर हायड्रोजन बंधाला शोभेल असं. बाकी सगळा खिसा तेलकट: फिनाइलअ‍ॅलनिन ८७, ल्युसिन २४४, व्हॅलिन २४७, व्हॅलिन २९५. एका टोकाला हायड्रोजन बंधाची पकड आणि चहूबाजूंनी तेलकट भिंती, यामुळे कापराला फिरायला जागा राहत नाही. लोखंडाच्या समोर येतो तो त्याचा पाच क्रमांकाचा कार्बन, सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमवर. एन्झाइमचं उत्पादनही त्याच कार्बनवर हायड्रॉक्सिल बसलेलं ५-एक्झो-हायड्रॉक्सिकापूर हेच आहे. रचना आणि रसायन एकमेकांना इतक्या सरळ दुजोरा देतात, असं फार वेळा होत नाही.

जाता जाता, हा डी-कापूर, म्हणजे कापराच्या झाडापासून मिळणारा. आरतीला आपण जाळतो तो बहुधा टर्पेंटाइनमधल्या पायनिनपासून कारखान्यात बनलेला असतो आणि त्यात डावी-उजवी दोन्ही रूपं मिसळलेली असतात.

आता कापराच्या वरून जाणारी लांबलचक आय-हेलिक्स शोधा (हेलिक्सना साखळीच्या क्रमाने ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत). थ्रिओनिन २५२ पाशी ती किंचित मोडल्यासारखी दिसते आणि तिथे छोटी खोबण तयार होते. ऑक्सिजनला टेकायला तीच जागा मिळते. शेजारी अ‍ॅस्पार्टेट २५१ आहे. हे दोघे ऑक्सिजनपर्यंत प्रोटॉन पोचवण्याच्या कामात आहेत, असं मानतात. पण नुसत्या चित्रावरून हे म्हणता येत नाही, त्याला प्रयोग लागतो. थ्रिओनिन २५२ च्या जागी अ‍ॅलनिन बसवलं तर एन्झाइम ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन खर्च करत राहतं, पण कापराला हायड्रॉक्सिल फारसं लागत नाही. ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन जातं. ‘रचनेवरून सिद्ध होतं’ असं वाक्य लिहायच्या आधी असा एखादा म्यूटंटचा प्रयोग झालाय का, ते शोधा.

नकाशा आणि थरथर

मोल-स्टारमध्ये इलेक्ट्रॉन घनता दाखवायची सोय आहे. एखाद्या नोंदीला तो पर्याय येत नसेल तर त्या नोंदीसोबत मूळ मोजमापं जमा झालेली नाहीत. जुन्या फाइलींत असं होतं. मग पुढे दिलेल्या नोंदींपैकी दुसरी एखादी उघडा. निळी जाळी म्हणजे एकूण घनता. ती कापराभोवती नीट बसते का, हीमच्या टोकांपर्यंत पोचते का, ते पाहा. हिरवा ठिपका म्हणजे इथे मोजमापांत काहीतरी आहे पण मॉडेलमध्ये नाही. लाल म्हणजे मॉडेलमध्ये अणू आहे पण मोजमापांत त्याला आधार नाही. लोखंडाच्या रिकाम्या बाजूला हिरवा डाग दिसला तर कान टवकारा.

प्रत्येक अणूला एक बी-फॅक्टर असतो, त्याच्या थरथरीचं माप. २० असेल तर अणू सरासरी अर्धा अँगस्ट्रॉम हलतो, ८० असेल तर सुमारे एक. प्रथिनाला बी-फॅक्टरनुसार रंग द्या. कापूर नसलेल्या रचनेत (१पीएचसी) हा रंग विशेष बोलका आहे. पूलोस यांच्या गटाने १९८६ मध्येच नोंदवलं होतं की कापूर नसताना फिनाइलअ‍ॅलनिन ८७, टायरोसिन ९६ आणि फिनाइलअ‍ॅलनिन १९३ यांच्या भागात हालचाल वाढते. कापराची वाट तिथूनच असावी, असा अंदाज त्यांनी त्यावरून बांधला. त्याच रचनेत खिशात कापराऐवजी पाण्याचे रेणू भरलेले आहेत आणि त्यातला एक थेट लोखंडावर बसलेला आहे. कापूर आला की हे पाणी हटतं, लोखंडाची स्पिन अवस्था, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, बदलते आणि द्रावणाच्या वर्णपटातलं मुख्य शिखर ४१७ नॅनोमीटरवरून ३९१ वर सरकतं. लोखंडाला इलेक्ट्रॉन स्वीकारणंही सोपं होतं. म्हणजे कापूर हजर असेल तेव्हाच एन्झाइम इलेक्ट्रॉन खर्चायला तयार होतं.

लोखंड खरंच त्या स्थितीत होतं का?

हीम प्रथिनं वाचताना हा प्रश्न टाळून चालत नाही, आणि बहुतेक जण तोच टाळतात. फाइलमध्ये एचईएम लिहिलेलं असतं, मग लोखंड दोन भाराचं असो की तीन. संकेत तोच. नोंदीच्या शीर्षकात ‘फेरिक’ (तीन भाराचं) लिहिलं असेल तर स्फटिक तसा बनवला होता, एवढंच त्यातून कळतं. क्ष-किरण स्फटिकातल्या पाण्यावर आदळले की मोकळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि लोखंड ते आनंदाने उचलतं. मोजमाप चालू असतानाच फेरिकचं फेरस (दोन भाराचं) होत जातं. स्फटिक शंभर केल्विनपर्यंत गोठवला तरी हे पूर्ण थांबत नाही.

इल्मे श्लिश्टिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हीच अडचण उलटी वापरली. त्यांनी पी-४५० कॅमच्या क्रियाचक्राचे टप्पे थंडीत अडकवून टिपले: १डीझेड४ मध्ये फेरिक, १डीझेड६ मध्ये फेरस, १डीझेड८ मध्ये ऑक्सिजन बसलेला. त्यापुढच्या टप्प्यासाठी लागणारा दुसरा इलेक्ट्रॉन त्यांनी क्ष-किरणांनीच पुरवला. १.५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण त्यासाठी मुद्दाम वापरले आणि मोजमाप मात्र ०.९१ अँगस्ट्रॉमच्या, कमी इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या किरणांनी केलं. त्यातून आली १डीझेड९. लोखंडावर एकच ऑक्सिजन उरल्यासारखी घनता तिच्यात आहे, पण ही रचना त्यांनी स्वतःच ‘संभाव्य’ म्हणून मांडली. तो टप्पा, म्हणजे कंपाउंड वन, वर्णपटांनी पक्का पकडला गेला तो २०१० मध्ये, जोनाथन रिटल आणि मायकेल ग्रीन यांच्याकडून, आणि तोही सीवायपी ११९ या वेगळ्याच पी-४५० मध्ये.

१डीझेड६ आणि १डीझेड८ एकमेकींवर ठेवून पाहा. ऑक्सिजन आल्यावर आय-हेलिक्सची ती खोबण रुंदावते, अ‍ॅस्पार्टेट २५१ जवळचा कणा वळतो आणि पाण्याचे दोन नवे रेणू आत येऊन बसतात. प्रोटॉनचा मार्ग असावा, असं रसायनशास्त्रज्ञ म्हणत होते. तो इथे पाण्याच्या रूपात दिसू लागला.

तर कुठल्याही हीम प्रथिनाच्या मूळ निबंधात हे शोधा: स्फटिकाचा वर्णपट मोजमापाआधी आणि नंतर घेतला होता का, किरणांचा एकूण मारा किती होता, मोजमाप एका स्फटिकावर केलं की अनेकांवर वाटून. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर लोखंडाच्या भाराबद्दल ठाम विधान करू नका. अगदी छोट्या स्पंदांच्या क्ष-किरण लेझरमध्ये नुकसान पसरायच्या आतच मोजमाप होऊन जातं. अशा रचना मिळाल्या तर त्यांना झुकतं माप द्या.

दार उघडं असलेली रचना

आता मघाचा प्रश्न. २सीपीपीमध्ये कापूर पूर्ण बंदिस्त आहे. आत यायला वाट दिसतच नाही. पंचवीसएक वर्षं बहुतेक रचना अशाच बंद मिळत गेल्या. २०१० मध्ये डेव्हिड गुडिन यांच्या गटाने कापूर नसताना उघडं रूप टिपलं (३एल६२ पाहा). आरसीएसबीच्या जोडीने रचना जुळवायच्या साधनात २सीपीपी आणि ३एल६२ टाका. गाभा, हीम आणि गंधकाचा भाग जवळपास तंतोतंत जुळेल. एफ आणि जी हेलिक्स मात्र बाजूला सरकलेल्या दिसतील आणि हीमपर्यंत जाणारी वाट मोकळी झालेली असेल. एकूण आरएमएसडीचा, म्हणजे जुळवलेल्या अणूंमधल्या सरासरी अंतराचा, आकडा इथे दिशाभूल करतो. सगळ्या प्रथिनाची सरासरी काढली की दोन हेलिक्सची हालचाल त्यात बुडून जाते. कुठे फरक पडला ते साखळीच्या क्रमाने पाहा.

२०१३ मध्ये पूलोस यांच्याच गटाने पुटिडारेडॉक्सिन या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या प्रथिनासोबत जोडलेल्या पी-४५० कॅमची रचना दिली (४जेडब्ल्यूएस). त्यात कापूर पचवणारं एन्झाइम उघड्या रूपाकडे झुकलेलं आहे. म्हणजे पुटिडारेडॉक्सिनचं काम निव्वळ इलेक्ट्रॉन देण्यापुरतं नसून ते एन्झाइमचा आकारही बदलतं, असं त्यांचं म्हणणं. या गुंत्यावर चर्चा अजून चालू आहे, म्हणून अहवालात ‘असं सुचवलं गेलंय’ हीच भाषा ठेवा.

स्वतःच्या अहवालासाठी

चित्राखाली नोंदीचा संकेत, साखळीचं अक्षर, रिझोल्युशन, हीममध्ये आणि आसपास काय बसलंय, आणि क्रमांक कुठल्या पद्धतीचे, एवढं लिहा. व्हॅलिडेशन रिपोर्ट (रचनेच्या दर्जाचा तपासणी अहवाल) उतरवून घ्या. त्यात साखळीच्या कण्याचे कोन शक्य कोटीतले आहेत का ते दाखवणाऱ्या रामचंद्रन आलेखाचा हिशेब असतो, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला. अख्ख्या प्रथिनाचे आकडे पाहून थांबू नका. हीम आणि कापराची ओळ वेगळी काढून वाचा, कारण सगळी रचना उत्तम आणि नेमका महत्त्वाचा रेणू मात्र डळमळीत, असं घडतं.

सरावासाठी पुढची फाइल १व्हीएचबी घ्या. व्हिट्रिओसिला या जिवाणूचं हिमोग्लोबिन, १९९७ ची रचना. तिथे लोखंडाचा पाचवा जोडीदार हिस्टिडिन आहे. हीमच्या दुसऱ्या बाजूला, सी आणि ई हेलिक्सच्या मध्ये, साखळी मधूनच नाहीशी होते. ती कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत गायब आहे ते आधी स्वतः शोधा, मगच निबंध उघडा.